पारा साडेपंचावन्नावर थांबला तेव्हा : परत मिळवलेल्या ॲसिटोनचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत काचेचे भांडे घासून, पाण्याने खळबळून झाले की शेवटचा हात ॲसिटोनचा असतो. ॲसिटोन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, काचेला चिकटलेले पाणी सोबत घेऊन जाते आणि 56 अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव असल्याने पाच मिनिटांत उडूनही जाते. साहजिकच ते भरपूर लागते. वापरलेले ॲसिटोन मोरीत ओतायचे नाही, एवढा नियम आमच्याकडे पूर्वीपासून होता. कोपऱ्यात एक मोठा कॅन ठेवलेला असे आणि त्यावर लिहिलेले असे, ‘धुण्याचे ॲसिटोन’. सत्र संपेपर्यंत असे तीन कॅन भरले.

त्या प्रयोगशाळेचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. त्यामुळे पुढे जिथे जिथे चूक दिसेल, तिथल्या बहुतेक नोंदींखाली सही माझीच आहे.

हे ॲसिटोन ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून आणि वाफ पुन्हा थंड करून, परत मिळवावे, ही कल्पना दोन विद्यार्थ्यांची. कागदावर काम सरळ दिसत होते. ॲसिटोनचा उत्कलनांक 56.1, पाण्याचा 100, म्हणजे मध्ये चाळीसहून अधिक अंशांचे अंतर. दोन द्रवांत 25 अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर साधे ऊर्ध्वपातन पुरते, असे आपण सगळेच शिकतो आणि शिकवतो. मीही मान डोलावली.

पहिला दिवस फुकट गेला. साध्या ऊर्ध्वपातनात थर्मामीटर 58 पासून सुरू झाला आणि हळूहळू 62 च्या वर सरकत राहिला. मिळालेला द्रव ओलसर होता. 25 अंशांचा तो नियम ढोबळ आहे. वाफेत दोन्ही घटक असतातच, कमी तापमानाला उकळणाऱ्याचे प्रमाण जास्त असते इतकेच. म्हणून दुसऱ्या दिवशी फ्लास्कवर काचेच्या कड्यांनी भरलेला साठ सेंटिमीटरचा स्तंभ चढवला आणि प्रभाजी ऊर्ध्वपातन सुरू केले, म्हणजे वाफ वाटेत पुन्हा पुन्हा द्रव होऊन परत उकळते आणि घटक अधिक वेगळे होतात.

तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. मँटल, म्हणजे फ्लास्कखालचा विजेचा तापक, मंद ठेवला होता. ओल्या कड्यांची एक सीमारेषा स्तंभात बोट बोट वर चढत होती, तिच्या खाली कडी चकाकत होती, वर कोरडी. ती रेषा थर्मामीटरच्या फुग्यापाशी पोचली तसा पारा झटक्यात उसळला आणि थांबला. कंडेन्सरच्या टोकाशी दोन सेकंदांना एक थेंब.

“सर, पारा हलतच नाहीये!”

एकेक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर. पारा 55 आणि 56 च्या बरोबर मध्ये. तासभर तिथेच. वहीत नोंद झाली, ‘55.5 वर स्थिर’. चार दिवसांत सुमारे नऊ लिटर जमले. तपकिरी बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या, ‘ॲसिटोन (पुनर्प्राप्त)’. कंस लिहिला, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

अडचण

पुढच्या सत्रात अपवर्तनांकाचे, म्हणजे द्रवात प्रकाश किती वळतो ते मोजण्याचे, प्रात्यक्षिक होते. ॲबे रिफ्रॅक्टोमीटर (अपवर्तनांकमापी), चार द्रव, प्रत्येकाचा अपवर्तनांक चौथ्या दशांशापर्यंत. बेंझिनऐवजी टोल्युइन, मग इथेनॉल, पाणी आणि ॲसिटोन. नवी बाटली कशाला फोडायची म्हणून ॲसिटोन पुनर्प्राप्त बाटलीतले दिले.

टोल्युइन, इथेनॉल, पाणी बरोबर आले. ॲसिटोनचा आकडा 20 अंशांना 1.3588 च्या आसपास यायला हवा होता. पहिल्या गटाचा आला 1.3551. दुसऱ्याचा 1.3552. संध्याकाळपर्यंत दहाही गटांचे आकडे त्याच दोन-तीन घरांत. विद्यार्थ्यांचे हात वाईट असते तर आकडे विखुरले असते. हे विखुरलेले नव्हते, सगळे मिळून एकाच बाजूला सरकलेले होते.

कारणांचा शोध

पहिला संशय उपकरणावर. पण ऊर्ध्वपातित पाण्याने तपासले तर 1.3330, अगदी पुस्तकातला आकडा. दुसरा संशय तापमानावर, आणि तो रास्त होता. ॲसिटोनचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण 0.0005 ने उतरतो. प्रिझम सहा-सात अंशांनी गरम असता तर एवढी घट सहज आली असती. पण मग इतर द्रवांचेही आकडे उतरले असते. शिवाय प्रिझमभोवती फिरणारे पाणी 20 अंशांवरच होते.

तिसरा संशय, पाणी राहिले असेल. मला दोन दिवस हेच खरे वाटत होते. पाण्याचा अपवर्तनांक 1.333, ॲसिटोनपेक्षा कमी. मग पाणी मिसळले की आकडा खाली येणारच, असा सरळ हिशोब. हा हिशोब चुकीचा आहे. ॲसिटोन आणि पाणी मिसळताना एकूण घनफळ आक्रसते, आणि ॲसिटोनमध्ये थोडे पाणी घातले की अपवर्तनांक उलट वर चढतो. प्रयोगशाळा सहायक मामांनी वाद न घालता नव्या बाटलीतल्या ॲसिटोनमध्ये चार थेंब पाणी टाकून यंत्राखाली धरले. आकडा वर गेला. माझा सिद्धांत तिथेच आटोपला.

मग जे पहिल्या तासाला करायला हवे होते ते केले. नव्या बाटलीतले ॲसिटोन आणि आमचे, एकाच यंत्रावर, लागोपाठ. नवे 1.3587. आमचे 1.3551. म्हणजे आमच्या बाटलीत असे काहीतरी होते जे अपवर्तनांक खाली ओढते, पण 55.5 अंशांना ॲसिटोनसोबत गुपचूप वर येते.

विभागप्रमुख बाईंनी घनता विचारली. मोजली तर 0.79. शुद्ध ॲसिटोनचीही तेवढीच. इथे उत्तर हाती येण्याऐवजी अजून गुंता झाला, पण खरे तर हाच मोठा धागा होता. 20 अंशांना ॲसिटोनची घनता 0.791 आणि मिथेनॉलची 0.792. घनतामापीला या दोघांत भेद करता येत नाही. अपवर्तनांकमापीला मात्र येतो, कारण मिथेनॉलचा अपवर्तनांक 1.329 आहे.

ऊर्ध्वपातनाची वही पुन्हा काढली. ‘55.5 वर स्थिर’ या ओळीखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात, कोणीतरी लिहून ठेवले होते : ‘शेवटी 64–65 वर थोडा वेळ थांबला, मग झपाट्याने वर.’ मिथेनॉलचा उत्कलनांक 64.7. पुरावा पाच महिने कपाटात पडून होता. 57 च्या वरचे आपल्याला नकोच आहे, म्हणून ती ओळ कोणी वाचली नव्हती.

मिथेनॉल आले कुठून, हे शोधायला वेळ लागला नाही. एक संशोधक विद्यार्थी मिथेनॉलने आपल्या प्रयोगातला स्तंभ धुऊन ते द्रावण त्याच कॅनमध्ये ओतत असे. विचारल्यावर तो गोंधळला. “सर, वर ‘धुण्याचे’ असेच लिहिलेय ना?” चिठ्ठी त्याने वाचली होती. फक्त त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द पहिला होता आणि आमच्या दृष्टीने दुसरा.

पारा का थांबला

शुद्ध मिथेनॉलमध्ये रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. त्यात ॲसिटोन शिरले की ही पकड ढिली पडते आणि दोघांनाही द्रवातून निसटणे सोपे जाते. मिश्रणाचा बाष्पदाब अपेक्षेपेक्षा जास्त भरतो, म्हणून ते कमी तापमानाला उकळते, इतक्या कमी की दोन्ही शुद्ध द्रवांच्याही खाली. वजनाने साधारण 88 टक्के ॲसिटोन आणि 12 टक्के मिथेनॉल असे मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे 55.5 अंशांना उकळते. या प्रमाणाला वाफेतले घटक आणि द्रवातले घटक अगदी सारखे असतात. स्तंभ काम करतो तो वाफ आणि द्रव यांच्यातल्या फरकावर. फरकच नाही म्हटल्यावर साठ सेंटिमीटरचा स्तंभ काय आणि सहा मीटरचा काय.

अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. हा शब्द वेड आणि मेरिमन यांनी 1911 मध्ये रूढ केला. आपली फसगत मात्र जुनीच : ठरावीक तापमानाला उकळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल हे एक संयुगच आहे असा समज एकोणिसाव्या शतकात होता. दाब बदलला की त्याचे घटकप्रमाणही बदलते, हे रॉस्को आणि डिटमार यांनी दाखवल्यावर तो मोडला. संयुगाचे घटकप्रमाण दाबाप्रमाणे हलत नाही.

आता ते अर्ध्या अंशाचे. 56.1 ऐवजी 55.5 का, हा प्रश्न चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारला होता. मी म्हणालो होतो, “हवेचा दाब थोडा कमी असेल.” उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटते आणि पूर्ण चुकीचेही नाही. ॲसिटोनचा उत्कलनांक दर मिलिमीटर पाऱ्यामागे साधारण 0.04 अंशाने बदलतो. दाब नेहमीच्या 760 ऐवजी 745 असता तर 0.6 अंशांची घट तेवढ्यानेच भरून निघाली असती. पण वायुदाबमापी तिथेच भिंतीवर होता आणि मी मान वळवून पाहिले नाही. वहीच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा दाब एका शिस्तीच्या मुलाने टिपलेला होता : 758. तेवढ्याने फरक पडतो 0.08 अंश.

समोरचे पर्याय

संशय पक्का करायला नव्या ॲसिटोनमध्ये 5, 10, 15 आणि 20 टक्के मिथेनॉल घालून चार नमुने केले आणि त्यांच्या अपवर्तनांकांचा आलेख काढला. आमची बाटली 11 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान बसली. आता नऊ लिटरचे करायचे काय?

पुन्हा ऊर्ध्वपातन करू, थोडा उंच स्तंभ लावू, असा आग्रह काहींनी धरला. वरचे कारण फळ्यावर लिहून दाखवले तरी पटेना, म्हणून अर्धा लिटर घेऊन करून पाहिले. आधी 1.3551, नंतर 1.3552. त्यावर चर्चा थांबली.

दाब कमी करून ऊर्ध्वपातन, हा पर्याय तत्त्वतः चांगला. या जोडीचा ॲझिओट्रोप दाब उतरवला की ॲसिटोनच्या बाजूला सरकतो आणि पुरेसा उतरवला तर नाहीसाच होतो. पण त्यासाठी 200 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली जावे लागते, आणि तिथे ॲसिटोन 22–23 अंशांनाच उकळते. नळाच्या पाण्याचा कंडेन्सर ती वाफ धरणार नाही, निम्मे ॲसिटोन पंपातून जाईल. आमच्याकडे थंड द्रव फिरवणारी सोय नव्हती.

सोडियम आयोडाइडची जुनी पद्धतही निघाली. कोरडे सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये संपृक्त होईपर्यंत विरघळवायचे आणि द्रावण उणे 10 अंशांपर्यंत थंड करायचे. एका आयोडाइडमागे तीन ॲसिटोन असे स्फटिक बाहेर पडतात, ते गाळून कोमट केले की शुद्ध ॲसिटोन सुटते. सुंदर पद्धत आहे, पण नऊ लिटरसाठी नाही.

कोणीतरी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या टाकून ठेवायचे सुचवले. इथे मी ताबडतोब नाही म्हटले, आणि या सगळ्या प्रकरणात माझा हा एकच निर्णय पहिल्या फटक्यात बरोबर ठरला. कॅनमध्ये न सांगता मिथेनॉल आले होते, तसे क्लोरोफॉर्मही आलेले असू शकत होते. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र असताना तीव्र अल्कली पडली तर अभिक्रिया भडकते, भरपूर उष्णता सुटते, बंद बाटली फुटू शकते. क्लोरोफॉर्म नसले तरी अल्कलीने ॲसिटोनचे रेणू आपसात जोडले जातात, म्हणजे शुद्ध करता करता नवी अशुद्धी तयार.

उरले दोन पर्याय. निष्कर्षी ऊर्ध्वपातन, म्हणजे तिसरा द्रव (इथे पाणी) सोडून दोघांना वेगळे करणे, किंवा काहीच न करता जे आहे ते जसे आहे तसे नाव देऊन वापरणे.

काय केले

सर्वांत आधी क्लोरोफॉर्मची शहानिशा. तांब्याची तार ज्योतीत रंग दिसेनासा होईपर्यंत तापवायची, थंड करून नमुन्यात बुडवायची, ॲसिटोनची बाटली खोलीबाहेर नेऊन मगच तार पुन्हा ज्योतीत धरायची. ॲसिटोनची वाफ उणे 20 अंशांच्या आसपासही ज्योतीने पेट घेऊ शकते, त्यामुळे बाटली आणि ज्योत एका टेबलावर नको. ज्योत हिरवी झाली तर हॅलोजन आहे. आमची झाली नाही. ही तपासणी पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या आधी व्हायला हवी होती. तेव्हा ती झाली नाही आणि काही बिघडले नाही, ते निव्वळ नशिबाने.

मग पाण्याचा प्रयोग अर्ध्या लिटरवर केला. पाणी मिथेनॉलला जवळ धरते आणि ॲसिटोनला तुलनेने मोकळे सोडते, म्हणून पाण्याच्या सोबतीत ॲझिओट्रोप टिकत नाही. एक विद्यार्थी फ्लास्कमध्येच पाणी ओतायला निघाला होता. तसे करून भागत नाही. पाणी 100 अंशांचे, ते खालीच बसते, आणि स्तंभाच्या माथ्यावर पुन्हा ॲसिटोन आणि मिथेनॉल दोघेच उरतात. पाणी वरून उतरायला हवे. स्तंभाच्या माथ्यापासून थोडे खाली एक आडवे तोंड होते, तिथे थेंबनळी लावून गरम पाणी सतत सोडले. त्या तोंडाच्या वर चार बोटे कडी राहू दिली, म्हणजे वर जाणाऱ्या ॲसिटोनमधले पाणी तिथे झडावे.

दिवसभर दोघे जण नळी आणि मँटल यांच्यात अडकून पडले. पाण्याचा वेग वाढला की स्तंभ तुंबे, कमी झाला की आकडा पुन्हा घसरे. संध्याकाळी सुमारे 300 मिलिलिटर हाती आले. अपवर्तनांक 1.3601, शुद्ध ॲसिटोनपेक्षाही जास्त. आता त्याचा अर्थ आम्हाला कळत होता : मिथेनॉल गेले, थोडे पाणी आले. निर्जल कॅल्शियम सल्फेटवर रात्रभर ठेवून पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर 1.3585.

निष्पत्ती

पद्धत चालली. तरीही बाकीच्या साडेआठ लिटरला ती लावली नाही. तीनशे मिलिलिटरसाठी दोन माणसांचा दिवस, आणि वर मिथेनॉल-पाण्याचा नवा कचरा. बाईंचे मत पडले की भांडी धुवायला ॲझिओट्रोपही उत्तम आहे, फक्त त्याला ॲसिटोन म्हणू नका. बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लागल्या : ‘ॲसिटोन 88, मिथेनॉल 12. फक्त काच धुण्यासाठी. विषारी.’ शेवटचा शब्द मामांनी लिहायला लावला आणि तो हवाच होता. ॲसिटोन हातावर सांडले तर कोणी फारसे मनावर घेत नाही. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जाते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. पाच महिने विद्यार्थी ते उघड्या हातांनी वापरत होते. कोणाला त्रास झाल्याची नोंद नाही, पण कोणी तसे विचारलेही नव्हते.

कॅन एकाचे तीन झाले : फक्त ॲसिटोन-पाणी, अल्कोहोले, क्लोरिनयुक्त द्रव. पुढच्या सत्रात पहिल्या कॅनमधल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन केले तेव्हा पारा 56 वर थांबला, शेवटी 64 पाशी न अडखळता वर गेला, आणि वाळवल्यावर अपवर्तनांक 1.3587 आला.

पुन्हा करायचे झाले तर

अंशाचा दहावा भाग दाखवणारा थर्मामीटर लावीन आणि दाब वाचल्याशिवाय उत्कलनांक लिहू देणार नाही. पण तेवढ्याने हे प्रकरण टळले असते, असे मला वाटत नाही. 0.6 अंशांसाठी आम्ही दुसरे एखादे कारण शोधून काढले असते. त्या वेळी आम्हाला पारा स्थिर हवा होता. साध्या ऊर्ध्वपातनात तो सरकत होता म्हणून आम्ही स्तंभ लावला. स्तंभाने त्याला थांबवले, आणि काम फत्ते झाले असे आम्ही धरून चाललो. एका स्वतंत्र गुणधर्माची चाचणी, मग ती अपवर्तनांकाची असो वा दुसरी कुठली, पहिल्या बाटलीला झाकण लावण्याआधी पाच मिनिटांत झाली असती. घनतेची केली असती तर मात्र आणखी घट्ट फसलो असतो, हेही आहेच.

वहीतली ती 64 ची ओळ लिहिणारी विद्यार्थिनी कोण, ते नंतर कळले. दाबाचा प्रश्न विचारणारीही तीच. माझ्या उत्तरानंतर तिने पुन्हा विचारले नाही, पण नोंद खोडलीही नाही.

जुन्या बाटल्यांपैकी दोन अजून कपाटात आहेत. त्यांवर फक्त ‘नमुना क’ असे लिहिले आहे. दरवर्षी ऊर्ध्वपातनाच्या प्रात्यक्षिकात, हातमोजे घालूनच, त्यातला थोडा विद्यार्थ्यांना दिला जातो आणि शुद्ध द्रव की मिश्रण ते सिद्ध करायला सांगितले जाते. पहिल्या वर्षी दहापैकी सात गटांनी लिहून दिले : ‘तापमान पूर्ण वेळ स्थिर, म्हणून शुद्ध ॲसिटोन.’